ठासून ठेवलेली बंदूक

मनकर्णाबाईच्या घरात बंदूक आली तेव्हा सारं गाव ती बघायला लोटलं होतं. जळगाव जामोदच्या बाजारात कोणीतरी डाकूंची आवई उठवली, आणि तिचे यजमान पंजाबराव थेट बुलढाण्याला जाऊन साहेबाकडून परवाना काढून आले. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. शेतात रानडुकरं यायची, पण घरात चोर म्हणून कधी कोणी शिरला नव्हता. पण परवान्याचा तोरा केवढा! दसऱ्याला त्या लोखंडाला झेंडूची माळ काय, हळदकुंकू काय. मनकर्णाबाईचा नुसता जळफळाट व्हायचा.

बंदूक ठासणीची. आधी दारू ओतायची, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, ते गजानं ठासायचे, वर टोपी बसवायची. विडा लावून होईल एवढा वेळ लागायचा. तेवढ्यात डाकू मान कापून जातील, असं पंजाबरावांचं म्हणणं, म्हणून ती भरूनच खुंटीला टांगलेली. घरात दोन पोरी वावरतात, निदान रिकामी तरी ठेवा, असं ती बोलून बोलून थकली. बायकांना त्यातलं काय कळतं, एवढं ऐकवून ते मिशीवर हात फिरवायचे.

आणखी एक दंडक होता त्यांचा. पाच वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा दौलत तापानं गेला, तेव्हापासून त्याचं नाव घरात काढायचं नाही. आईनंसुद्धा नाही!

पौषात गावात पांगूळ आला. पांगूळ पहाटेच झाडावर चढतो, घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन हाक देतो आणि त्यांच्या नावानं दान मागतो. त्यासाठी आदल्या दिवशी नावं विचारून ठेवतो. निवृत्ती नावाचा हा म्हातारा विहिरीवर मनकर्णाबाईला भेटला. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून भगवंतराव हे नाव तिनं पोरीच्या तोंडून सांगवलं. दौलतचं मात्र स्वतः सांगितलं. घरी येऊन सुपात ज्वारी काढून ठेवली आणि पदरात तोंड घालून रडली.

त्याच संध्याकाळी तिचा दीर शेषराव, गावचा पोलीस पाटील, ओसरीवर आला. कोणी परका विहिरीवर आपल्या घरची नावं विचारत होता, डाकूंचा हेर असेल, असं भावाच्या कानात कुजबुजला. बायका घाबरतील म्हणून आत कोणाला सांगितलं नाही. वा रे शहाणपण! एका शब्दानं विचारलं असतं तर सारं तिथंच मिटलं असतं.

पहाटे भिंतीलगतच्या लिंबावरून हाक आली, "धर्म जागो! भगवंतराव पाटलाच्या नावानं! दौलतच्या नावानं!"

मनकर्णाबाई सूप घेऊन उठली. पाच वर्षांनी ते नाव कानावर पडलं होतं, तिला उंबरा धड दिसेना. तेवढ्यात पंजाबरावांच्या बंदुकीचा बार झाला. निवृत्ती खाली पडला आणि गाडी जुंपेपर्यंत संपला.

दुपारी ठाणेदार आला. शेषरावानं सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, की तो हाक न देता भिंत चढत होता. मनकर्णाबाईलाही त्यानं चुलीपाशी गाठलं. "वहिनी, कुंकवाचा इचार करा," म्हणाला.

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. दाण्याची आशा धरून झाडावर चढलेला म्हातारा मेला, आणि मेल्यावर हे त्याला चोर करायला निघाले! ती सूप घेऊन तशीच ओसरीवर आली, ठाणेदारापुढे ठेवलं आणि त्या माणसासाठी काढलेली ज्वारी दाखवली. मग चारचौघांत नवऱ्याकडे वळली.

"तुमाले दौलतचं नाव आयकू आलं होतं का नाही?"

पंजाबरावांनी मान खाली घातली.

"आलं," ते म्हणाले. "त्यानंच तं घाबरलो. घरातलं नाव परक्याले कसं ठाव?"

"मीच सांगतलं होतं. बंदूक भरेल नसती तं ठासता ठासता तुमी मले इचारलं असतं."

ठाणेदारानं ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि खाली मनकर्णाबाईनं अंगठा उठवला.