अठरावी ओळ

देशासाठी रडायला छिन्नीकाका कधी लाजले नाहीत. रेडिओवर राष्ट्रगीत लागलं की हातातलं काम खाली ठेवून ते ताठ उभे राहायचे, मग समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असो की चहा गार होत असो. चाळीस वर्षं त्यांनी दगडावर अक्षरं कोरली. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या कोनशिला, पुलांवरच्या तारखा, सगळं. गल्लीला त्यांचं खरं नाव विचाराल तर चार घरं हिंडावं लागेल.

त्यामुळे लागोपाठ तीन सुट्ट्या पाहून जावयाने राजधानीचा बेत आखला, तेव्हा काका उड्या मारतील अशीच सगळ्यांची समजूत होती. काका मात्र सबबी काढू लागले. आधी गुडघा, मग पोट, मग शेजारच्या मांजराला दूध कोण घालणार?

"मांजर आपलं नाही, आणि दूधही तुम्ही कधी घातलेलं नाही," काकू म्हणाल्या. "बॅग भरा. देशाचं स्मारक स्वतःच्या हातांनी कोरलंत आणि बावीस वर्षांत एकदाही बघायला गेला नाहीत. एवढा कसला विनय तो?"

विनय कसला? भीती होती ती. आणि ती काकूंनाही ठाऊक नव्हती.

त्याचं असं झालं होतं. सैनिकांच्या स्मारकासाठी चोपन्न नावांची यादी आली. एका ओळीत तीन, अशा अठरा ओळी. दगडाचा खालचा भाग जमिनीत जाणार, म्हणून कामावरच्या सरकारी साहेबांनी त्यावर खडूने एक लाल रेघ मारून दिली आणि बजावलं, या रेघेच्या वरच काय ते कोरायचं. काका कोरायला बसले आणि स्वतःच्याच अक्षरांवर भाळले. नावांना जरा मोकळं वाटावं म्हणून त्यांनी ओळीओळीत पेन्सिलीच्या जाडीएवढी जागा जास्त सोडली. कोरताना दगडावर सारखं पाणी मारावं लागतं. त्या पाण्याने लाल रेघ कधी धुऊन गेली, कळलंच नाही. अठरावी ओळ झाली तेव्हा आपलं माप कसं अचूक बसलं म्हणून गडी खूश होता. मग दगड उभा राहिला, त्याला भिडवून फरशी बसवली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ओळी मोजल्या तर सतरा. पुन्हा मोजल्या. सतराच.

उद्घाटन दोन दिवसांवर आलेलं. साहेबांनी घाईघाईत विचारलं, "झालं ना सगळं?"

काका म्हणाले, "झालं."

एवढंच. ऑफिसवाल्यांनी कागदावरची नावं मोजली, चोपन्न भरली, शिक्का मारला. दगड मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ती तीन नावं मात्र काकांना पाठ होऊन बसली. दाढी करताना आठवत, जेवताना आठवत. राष्ट्रगीताला डोळे भरून येत तेव्हा तर हमखास आठवत, आणि मग त्या रडण्याचीच लाज वाटे.

पहिले दोन दिवस निभावले. संसद पाहिली, जुना किल्ला पाहिला. संध्याकाळी मैदानावर झेंडा उतरवताना बिगूल वाजला आणि हजारभर माणसं एकदम गप्प झाली. काकांची छाती भरून आली. हा आपला देश, असं त्यांना अगदी आतून वाटलं, आणि पाठोपाठ वाटलं, आपण कुठल्या तोंडाने म्हणतोय? मुलगी हळूच आईला म्हणाली, "बाबा बघ, कसे हळवे झालेत." काकांना तिथून पळून जावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी स्मारक. रांग मोठी होती आणि जावयाच्या पोटात काही राहात नाही. पुढच्याला सांग, मागच्याला सांग, पहारेकऱ्याला सांग: "हे आमच्या सासऱ्यांनी कोरलंय बरं का!" लोक वळून पाहात, कुणी हात मिळवी. काका मान खाली घालून उभे. काकूंच्या लेखी तो पुन्हा विनयच.

दगडापाशी पोहोचल्यावर एक सत्तरीच्या बाई पुढे आल्या. हातात कागदांची पिशवी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

"तुम्ही कोरलंत ना हे? मग तुम्हीच सांगा. माझा धाकटा भाऊ यात कुठे आहे?" आणि त्यांनी नाव सांगितलं.

अठराव्या ओळीतलं मधलं नाव.

"दरवर्षी या सुट्टीत येते मी," बाई सांगत होत्या. "इथल्या ऑफिसात म्हणतात, यादीत आहे म्हणजे दगडावर असणारच, चष्मा बदला. तीन चष्मे बदलले हो मी."

"बाबा सांगतील की," जावई म्हणाला. "त्यांना अक्षर न् अक्षर आठवतं."

'वरच्या ओळींत असेल, तिथलं नीट दिसत नाही' हे वाक्य काकांच्या जिभेवर तयार होतं. बाईही मान उंचावून वर पाहू लागल्या होत्या. आता त्या चौथा चष्मा करणार, हे काकांना दिसलं, आणि त्यांच्याच्याने राहवेना. गुडघा खरंच दुखत होता, तरी ते खाली बसले. दगड जिथे फरशीला भिडतो तिथे त्यांनी हात टेकला.

"इथे आहे. फरशीच्या खाली. कोरलंय मी, पण माझं माप चुकलं आणि ओळ गाडली गेली. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही."

मुलगी दुसरीकडे पाहू लागली. बाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे.

"म्हणजे इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "मी त्याच्यावर पाय देऊन त्याला शोधत होते."

त्या दोन पावलं मागे सरल्या. काकांनी माफी मागायला हात जोडले तर त्या खेकसल्या, "ते नंतर. आधी ऑफिसात चला आणि हे सगळं माझ्यासमोर सांगा. चालता येतंय ना?"

काका उठले. बायकोकडे पाहायची त्यांची छाती होत नव्हती. रांगेतली माणसं पुढे सरकत होती, फोटोसाठी दगडाला खेटून उभी राहात होती. तेवढ्यात काकूंनी खांद्यावरची पिशवी काढली, दगडाच्या पायाशी फरशीवर ठेवली आणि तिच्यापुढे दोन्ही हात आडवे पसरून उभ्या राहिल्या.

"आणखी दोघं आहेत ना इथे?" त्या काकांकडे न बघता म्हणाल्या. "जा तुम्ही. तोवर इथे कुणाला पाय ठेवू देत नाही मी."