उपकारस्तुतीचा पेंढा
नव्या पेंढ्याचा वास आला की मला भोरचं आमचं ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आठवतं. त्या वर्षी उत्रोलीला आमचं भात सगळं पोचट निघालं, आणि उपकारस्तुतीला, म्हणजे सुगीबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला, तर ज्यानं त्यानं आपलं पहिलं पीक वेदीपुढं ठेवायचं. "आता न्यायाचं तरी काय?" वडील म्हणाले. "पेंढा दिलाय न्हवं देवानं?" म्हणत आईनं भारा डोक्यावर घेतला. पाळकसाहेबांनी तो भारा आनंदानं सोडला, गार फरशीवर स्वतः पसरला नि सगळ्या मंडळीला त्यावर बसवलं. टोचतंय म्हणून हसत हसत आम्ही पोटभर गायलो. निघताना प्रत्येकाच्या धोतराला, लुगड्याला काड्या चिकटलेल्या. वडील खळखळून हसले, "अगं, आपलं पीक घरोघर चाललंय की!" आता तिथं बाकं आली आहेत, तरी उपकारस्तुतीला उठताना माझा हात काडी चाचपायला मागं जातोच.