दाजूंच्या समोरची खुर्ची

त्या शनिवारी सकाळपासून मी नुसता जिना वर-खाली करत होतो. लंडनजवळच्या हॅरोतल्या आमच्या घराच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, भिंतींना जुन्या रजया ठोकून मी स्टुडिओ केला होता आणि आत नेपाळी सारंगी मांडीवर घेऊन दाजू बसले होते. नेपाळीत थोरल्या भावाला दाजू म्हणतात; आम्हीही तेच म्हणायचो. ते गायचे, मी मादल हा तिकडचा ढोलक वाजवायचो, बाकीचं कंप्युटरवर रचायचो. आयटीतली धड नोकरी सोडून हे खूळ डोक्यात घेतलं होतं मी. घर चाललं होतं बायकोच्या हॉस्पिटलच्या पगारावर.

तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "ही गाण्यांची सीडी करून पाठव. शाळांमध्ये शिकवायचं काम तुम्हा दोघांना मिळालं तर इथे राहू. नाहीतर सरळ परत जायचं. मग माझं डोकं खायचं नाही." आणि मला काही केल्या परत जायचं नव्हतं.

इकडे दाजू गातच नव्हते! म्हणजे सूर बरोबर, ताल बरोबर, पण फोनवर कुणाला पत्ता सांगावा तसं गाणं. त्यात मधेच मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन धडधडत जायची, की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी पोस्ट बंद होणार. माझा पाय काही थांबेना.

"अहो दाजू, जरा जीव ओता की!" मी वैतागून म्हणालो.

त्यांनी शांतपणे हेडफोन काढून ठेवला. "माणूस कुठाय? रजईला काय गाऊ?"

त्यांच्या वाडवडिलांचा धंदाच दारोदार जाऊन गायचा. दारातल्या माणसाला आधी गाव विचारायचं, घरी कोण ते विचारायचं आणि ते गाण्यात गुंफायचं. वर्कशॉपमध्ये पोरांना हे मीच ऐटीत सांगायचो, आणि घरी दाजूंना भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं! कप्पाळ माझं.

बायकोला हाक मारली. ती ड्युटीवरून येऊन नुकती आडवी झाली होती. "पाचच मिनिटं हं," म्हणत ड्रेसिंग गाऊनमध्येच समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

दाजूंनी हिंदीत विचारलं, "दीदी, गाव?"

"कराडजवळ. नदीकाठी."

"घरी कोण?"

"आई."

"आणखी?"

"आणखी कोणी नाही."

मी घाईघाईनं रेकॉर्डिंग चालू केलं आणि मादल ओढलं. दाजू तिच्याकडे बघून गायला लागले. नेपाळी मला अर्धंमुर्धंच कळायचं, पण नदी कळली, आमा म्हणजे आई कळलं, एक्लै म्हणजे एकटी तेही कळलं. आणि आवाज काय लागला! अंगावर काटा आला. ट्रेनसुद्धा आली नाही. हात वाजवत होते आणि मन उड्या मारत होतं: सुटलो बाबा, काम मिळालं, राहिलो इथेच.

गाणं संपलं. ती गाऊनच्या बाहीनं डोळे पुसत होती.

"हेच पाठव," ती म्हणाली. "काम नक्की मिळेल तुम्हाला."

"म्हणजे राहायचं ना?" मला धीर कुठला.

"तू राहा रे," ती म्हणाली. "मी आईकडे जाते."

मी सेव्हचं बटण दाबलं.