बटन डाव्या हाताला

वडिलांनी बोट मला दिली, भावाला नाही. तो पाण्याला भ्यायचा आणि मी भीत नव्हते, एवढंच कारण. माजलगावच्या धरणावर एक बाई इंजिनाची बोट चालवते याचं लोकांना आधी नवल वाटलं, मग सवय झाली. मागच्या पावसाळ्यात काठावरच्या चिखलात पाय सटकला, उजवा खांदा मोडला आणि लोकांना पुन्हा आठवलं की मी बाई आहे.

हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. उन्हाळ्यात धरण उतरलं की त्यात बुडालेलं आमचं जुनं गाव वर येऊ लागतं. घरांच्या भिंती, बाभळीची खोडं, देवळाचा चौथरा, सगळं पाण्याखाली हातभर. मासळी तिथंच दडते. पण इंजिनाचा पंखा भिंतीला लागला की पाती वाकलीच. म्हणून अशा जागी इंजिन बंद करायचं, मागं वाकून दोन्ही हातांनी तिरपं उचलायचं आणि वल्ही मारत पुढं सरकायचं. ते आता मला जमणार नव्हतं.

भाऊ तालुक्याला मासळीचं दुकान चालवतो. तो घरी येऊन बसला. बोटीवर माझा माणूस ठेवतो, तू घरी आराम कर, असं त्यानं मायेनंच सांगितलं. मायेनं सांगितलेलं नाकारायला जास्त बळ लागतं.

मी म्हणाले, "हात वर जात न्हाई, पण बटन दाबता येतंय मला."

जॅक प्लेटबद्दल मी मोबाइलवर पाहिलं होतं. बोटीची मागची फळी आणि इंजिन यांच्यामध्ये ही चौकट बसते आणि इंजिन सरळ वर-खाली करते, त्यामुळे उथळ पाण्यातही पंखा फिरता राहतो. गेवराईला ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांचं मत साध्या, पान्यानं नटबोल्ट फिरवायच्या प्लेटचं होतं. वजनाला हलकी, बिघाड कमी. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण दर भिंतीपाशी थांबून, मागं वाकून पाना फिरवायचा, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. मला बटन दाबलं की तेलाच्या दाबानं वर-खाली होणारी, हायड्रॉलिक प्लेट हवी होती.

"हायड्रॉलिक जड पडंल, बेटी. बोट लहान हाय तुझी," ते म्हणाले.

"मंग लहान बघू, चाचा. पण हायड्रॉलिकच."

दुपारभर आम्ही त्यांच्या मोबाइलवर प्लेटा पाहत बसलो. मोठ्या प्लेटा इंजिनाला फार मागं ढकलायच्या. त्यानं बोटीचं तोंड वर उचललं असतं. शेवटी पंप चौकटीतच असलेली, इंजिन जेमतेम चार बोटं मागं नेणारी एक निवडली. चाचांनी आधी मागची फळी जाड करून घेतली. वजन सावरायला मी बॅटरी आणि बर्फाची पेटी पुढं नेली. बटन मात्र मी हट्टानं डाव्या हाताला बसवून घेतलं. सगळे उजवीकडेच लावतात, असं ते म्हणाले. लावू देत.

पहिल्या फेरीला भावाला बळंच बोटीत बसवलं. जुन्या गावावर आलो तेव्हा खाली भिंतीची काळी रेघ दिसली. त्यानं दोन्ही हातांनी काठ धरला. मी वेग कमी केला, बटन दाबलं, इंजिन हळूच वर आलं. जरा जास्तच आलं. इंजिनाला गार ठेवून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली, म्हणजे ते तापणार. केसभर खाली घेतलं, धार पुन्हा भरली आणि आम्ही भिंतीवरून पार झालो.

काठाला लागल्यावर चार माणसांदेखत भाऊ म्हणाला, "चांगलं झालं. आता माझ्या माणसाला हे शिकव, अक्का."

"शिकायचं आसंल तर तू ये," मी म्हणाले. "दुसरा कुणी माझ्या जागंवर बसायचा न्हाई."

तो अजून आलेला नाही. मी रोज जाते.