टेकडीवरच्या विहारातली कडूबाई

कडूबाईइतकी भित्री बाई आमच्या बिडकीनच्या शिवारात दुसरी नाही. तिच्या आधीची लेकरं दगावली, म्हणून हिला तरी नजर लागू नये या भीतीपोटी आईबापानं नाव कडू ठेवलं. तेव्हापासून भीती तिच्या पाचवीलाच पुजलेली. पाल चुकचुकली तरी हात छातीवर जातो.

ही बाई टेकडीवरच्या बौद्ध विहारात स्वयंपाक करते. विहार आम्हीच श्रमदानानं बांधला. बायकांनी डोक्यावर विटा वाहिल्या. भरात होता तेव्हा दहा-बारा भिक्खू असत. सकाळी रांगेनं वस्तीत भिक्षेला उतरत. उन्हाळ्यात थोड्या दिवसांसाठी भिक्खूंसारखं राहायला, श्रामणेर शिबिराला आलेल्या पोरांना झोपायला जागा पुरत नसे, आणि कडूबाईची चूल विझत नसे. मग शिवारातल्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या आणि निम्मी वस्ती बजाजनगरला नाहीतर शहरात राहायला गेली. भिक्षा वाढायला दारंच उरली नाहीत. एक भिक्खू बुद्धगयेला गेले, दोघांनी भिक्खूचं वस्त्र, चीवर, उतरवून नोकरी धरली, बाकीचे शहरातल्या मोठ्या विहारात गेले. आम्ही बुद्धपौर्णिमेला गाड्या घेऊन येतो, खीर खातो, फोटो काढतो आणि विहाराची दशा बघून हळहळतो. हळहळायला काय जातं?

उरले एकटे म्हातारे भन्ते रेवत. त्यांना शुगर, रोजचं इंजेक्शन, आणि वर दुपारी बारानंतर जेवायचं नाही हा भिक्खूचा नियम. दुसरा नियम, बाईला स्पर्श करायचा नाही. कडूबाई ताट चटईवर ठेवून मागं सरायची. तिच्या आजीला गावानं कधी विहिरीला शिवू दिलं नव्हतं; पण हा नियम विटाळाचा नाही, भन्तेजींच्या व्रताचा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो तिनं त्यांच्यापेक्षा जास्त जपला.

यंदा पावसाळ्यात, वर्षावास चालू असताना, एका दुपारी ती भांडी घासत असताना आत काहीतरी आदळलं. भन्तेजी फरशीवर पडले होते. चीवर घामानं भिजलेलं, डोळे अर्धवट उघडे. तिनं हाका मारल्या, पण टेकडीखाली आता नुसती तारेची कुंपणं, ऐकणार कोण? शेवटी तिनं बजाजनगरला भाच्याला, अतुलला फोन लावला.

"आत्या, शुगर उतरली असंल त्यांची. मी गाडी घेऊन निघालोच. तवर साखर पाण्यात कालव अन् बोटानं गालाच्या आतून चोळ."

"आरं, मी शिवू कशी त्यांना? व्रत मोडलं म्हणून चीवर उतरवून निघून गेले तर? विहाराला कुलूप लागंल."

"अन् मेले तर?"

ती रडायला लागली, आणि रडत रडतच तिनं साखर कालवली. घाईत अर्धी वाटी सांडली. इतकी वर्षं ज्यांच्या सावलीलाही वळसा घातला, त्यांचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि बोट तोंडात घातलं. "माफ करा भन्ते," एवढंच ती पुटपुटत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी आवंढा गिळला. डोळे उघडले, भिरभिरले आणि तिच्यावर येऊन थांबले. त्यांचं डोकं घडी केलेल्या सतरंजीवर टेकवून ती मागं सरकली, ती थेट भिंतीपर्यंत.

"मी शिवले तुमाला, भन्ते. दुसरं कुणीच नव्हतं. पर इथून जाऊ नका."

मरणाला भिऊ नका म्हणून ज्यांनी आम्हाला इतकी वर्षं प्रवचनं दिली, त्यांचे ओठ थरथरत होते. त्यांनी फरशीवरून हात तिच्या दिशेनं सरकवला.

"बाई, कुणी येईस्तवर हात धरून बसता का? मला लई भ्या वाटायलंय."

"मला बी," म्हणत कडूबाई पुढं सरकली आणि तिनं तो हात दोन्ही हातांनी धरला.