खतमामा आणि आजोबांची लिंबोणी

अन्वी, नील, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, भाज्यांची सालं सरळ कुंडीत घालायची की आधी खत करायचं?" मी कॉलेजात तीस वर्षं प्रश्नांची उत्तरं दिली, पण हे देता येईना. ते खतमामांना विचारायला हवं होतं. ते आता नाहीत, म्हणून त्यांच्याविषयीच लिहिते.

मामांनी छावणीतल्या बंगल्यांच्या बागा आयुष्यभर सांभाळल्या. उतारवयात ते मंगळवारी आणि शनिवारी आपल्याकडे यायचे. आले की चप्पल काढायचे, बाही वर सारायचे आणि खताच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटायचे. आजारी मुलाचं अंग बघावं तसे. मग म्हणायचे, "ताप हाय अजून, मॅडम. नाय काढायचं." मी खड्ड्याशेजारी पाटी लावली होती, भरल्याची तारीख आणि खत तयार होण्याची तारीख. "खताला कुठं वाचता येतंय?" असं म्हणून मामा पाटीवर टोपी अडकवायचे.

कच्चा कचरा नको, कुजलेलं खत घाला, असं माझ्या पुस्तकात होतं. मामांचंही तेच मत असणार, असं मी धरून चालले होते. एका शनिवारी बघते तर ते मेथीच्या रिकाम्या वाफ्यात वाळकी पानं, उसाचं पाचट आणि ओलं शेण पुरत होते.

"मामा, हे कच्चं आहे!"

"व्हय, कच्चंच हाय."

"मग खत चांगलं की हे?"

"खत झाडासाठी, कचरा मातीसाठी. आधी कुणाला वाढायचं ते तुम्ही ठरवा की."

मी ते वहीत उतरवलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. लगेच पेरलेली मेथी पिवळी पडली. पुढच्या वर्षी मात्र त्याच वाफ्यातली ढेकळं बोटांनी फुटू लागली. मी आणखीच गोंधळले.

मग मामा नातीच्या लग्नासाठी गंगापूरला गेले. तुमच्या आजोबांनी शेवटच्या वर्षी लावलेली लिंबोणी तेव्हा मलूल दिसत होती. आळ्यातली माती दगडासारखी झाली होती. झाड वाचावं म्हणून मी वाफ्यातला प्रयोग तिथे केला. आळं खोल खणून सालं आणि ताजं शेण मुळांशी दाबलं. पंधरा दिवसांत पानं गळू लागली.

मामा परतले. त्यांनी आळ्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

"लई ताप हाय."

"पण वाफ्यात तुम्हीच..."

"वाफा रिकामा व्हता, मॅडम. हिथं झाड उभं हाय."

ते रागावले नाहीत. मुळं दुखावू नयेत म्हणून फावडं न घेता, निघेल तेवढं हातांनी उकरून काढलं.

त्या थंडीत मामांना धाप लागू लागली आणि मुलगा त्यांना पैठणला घेऊन गेला. ते फोन करायचे. तब्येतीचं विचारू देत नसत, आधी म्हणायचे, "लिंबोणी कशी हाय?" ती तोवर खोडापर्यंत वाळली होती. मी म्हणाले, "फुटवा येतोय." "मग झालं तर!" मामा हसले. पुढच्या महिन्यात ते गेले.

माझं नेमकं काय चुकलं, मला अजून कळत नाही. खणलं ते, घाई केली ती, की खोटं बोलले ते?

लिंबोणी राहिली नाही. तिच्या आळ्यातली माती मऊ आहे, काळी आहे, गांडुळांनी भरलेली आहे. तिथे मी अजून काही लावलेलं नाही.