'किती वेळा'वाले काका

गिऱ्हाईक औषधाच्या दुकानाच्या पायरीवर आलं आणि त्याने पोटावर हात ठेवला, की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "किती वेळा?" आणि तोही हळू नाही. हुडकेश्वरच्या आमच्या रस्त्यावरचा भाजीवाला, शेजारच्या ब्युटी पार्लरमधल्या बाया आणि समोरच्या ओट्यावर बसलेले चार रिटायर लोक, या सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. गिऱ्हाईक कुजबुजायचं, "सहा." काका ओरडायचे, "सहा! पाण्यासारखं का घट्ट?" त्यांचं खरं नाव परवान्यावर, काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर लटकत होतं, पण ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. अख्ख्या वस्तीत ते 'किती वेळा'वाले काका.

मला या माणसाची किळस यायची. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल प्रेमाने लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याचा घोटाळा व्हायला नको. मी गांधीबागेच्या बाजारात साड्यांच्या ठोक दुकानात कामाला आहे. दिवसभर पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसायचं, हात धुऊन साडी उलगडायची, समोरच्याच्या बोटाला तेल दिसलं की पदर हळूच मागे ओढायचा. लहानपणापासून मला घाण सहन होत नाही. मुलगी तान्ही असताना तिचं दुपटं मी एकदाही बदललं नाही. जेवताना कुणी पोटाच्या तक्रारी काढल्या, की मी ताट सरकवून उठतो. घरचे माझा हा स्वभाव सांभाळून घ्यायचे आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

काकांकडे पाहिलं की अंगावर काटा यायचा. गोळ्यांची पट्टी कापायची कात्री तीच त्यांची नखं कापायची कात्री. कागदी पाकीट उघडायला ते आत फुंकर मारायचे आणि दुसरं पाकीट काढायला बोटाला थुंकी लावायचे. शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी, आणि उन्हाळ्यात मानेवर घामोळ्यांची पावडर घामात भिजून रेघारेघांनी वाळलेली. दुपारी ते काउंटरवरच डबा उघडत. घास तोंडात असतानाच समोरच्याला विचारत, "आव पडते का गा? चिकट?" आणि उत्तर ऐकत ऐकत तोच घास सावकाश चावत. अशा वेळी मी डोकेदुखीची गोळी न घेताच परत फिरलेलो आहे.

त्यांचा दुसरा प्रश्न त्याहून वाईट. "पाहिलं का?" लोकांनी पाहिलेलं नसायचं. बायकोने नवऱ्याला पाठवलेलं, नवऱ्याला काहीच माहीत नसायचं. काका त्याला सरळ घरी परत पाठवत. "जा, पाहून या. लाल हाय का, काळं हाय का, मंग गोळीचं बोलू." एकदा एक सुटाबुटातला माणूस चिडला. म्हणाला, मी काय असली कामं करू का? काका शांतपणे म्हणाले, "तोंड आरशात दहा वेळा पाहता ना गा? मंग हे एकदा पाहाले काय झालं?" समोरच्या ओट्यावरचे चारही जण खदाखदा हसले. मला त्या सुटाबुटातल्या माणसाची मनापासून कीव आली.

आमच्याकडे पोट बिघडलं की लोकांना एकच गोळी हवी असते, बंद करणारी. मे महिन्यात लग्नाचे मुहूर्त असतात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि मंगल कार्यालयातला मठ्ठा सकाळपासून टोपात उघडा पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी काकांच्या पायरीवर अर्धी वरात उभी. प्रत्येकाचं मागणं एकच, "बंदची गोळी द्या." काका देत नसत. "शरीर झाडू मारून राहिलं, अन् तुमी दार लावून घेता. कचरा जाईन कुठं?" असं म्हणून ते मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी पुढे करत. तीही अशी तशी नाही. घरून लिटरची बाटली आणायची, त्यांच्यासमोर पूर्ण पुडी टाकायची, हलवायची आणि पहिला ग्लास तिथेच, हळूहळू, घोट घोट प्यायचा. एका बाईने अख्खी पुडी चहाच्या कपात कालवून पोराला पाजली होती. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "समुद्र पाजला का वं पोट्ट्याले?" आणि स्वतः तिच्या घरी जाऊन लिटरभर पाणी मोजून करून आले.

पण ते हट्टी होते असंही नाही. एकदा मुंडावळ्या बांधलेला नवरदेव रिक्षातून उतरला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "काका, तासाभरात घोड्यावर बसायचंय." काकांनी त्याची भर रस्त्यात पूर्ण चौकशी केली. ताप नाही, रक्त नाही, सकाळपासून चार वेळा, पाण्यासारखं. मग त्याच नखांच्या कात्रीने एक गोळी कापून त्याच्या तळहातावर ठेवली. "घोड्यासाठी देऊन राहिलो, भाऊ. उद्या मागशीन तर भेटणार नाही. अन् पाणी पेत राह्य." नवरदेव त्यांच्या पाया पडायला वाकला आणि मध्येच, चेहरा बदलून, रिक्षाकडे धावला.

मी त्यांच्याकडे जाणं सोडलं ते एका शनिवारी. आमच्या दुकानाच्या पार्टीत काहीतरी खाण्यात आलं होतं. मी मुद्दाम दुकान रिकामं असल्याचं बघून गेलो, पण मी तोंड उघडेपर्यंत माझ्या मुलीच्या शाळेच्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. काकांनी किती वेळा विचारलं. पाहिलं का विचारलं. मी नुसता मान हलवत राहिलो, तेव्हा ते काउंटरवरून पुढे वाकून म्हणाले, "भाऊ, लाजू नका. वास कसा येते?" त्या दिवसापासून काही लागलं तर मी मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या, एसी दुकानात जाऊ लागलो. तिथे कुणी तुमच्या तोंडाकडेही बघत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. घरात मी आणि माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई. ती खाप्याला मामाकडच्या लग्नाला जाऊन आली आणि आल्या दिवशी दुपारपासून तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. ती दार लावून घ्यायची, बादलीवर बादली ओतायची, लुगडं स्वतःच धुऊन वाळत घालायची. मी विचारलं, "जास्त आहे का?" ती म्हणाली, "नाही गा दिनू, थोडंसंच हाय." मला तेवढं उत्तर पुरेसं होतं. खरं सांगायचं तर बाथरूममधला आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवून बसलो होतो. हे लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते.

काचेच्या दुकानातल्या मुलीने विचारलं, "लूज मोशन? अडल्ट?" मी हो म्हणालो. पट्टी समोर आली. एका मिनिटात काम झालं, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला कळलंसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं की परत येताना मी स्वतःसाठी आइस्क्रीम घेतलं. आईला दोन गोळ्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत फेऱ्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी तिसरी दिली, खबरदारी म्हणून. आई जेवली नाही, तर मी म्हटलं, उन्हाचं खाऊ नकोच. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं, पोट फुगून टणक झालं होतं आणि जीभ कोरडी पडली होती.

मी म्हणालो, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, "पहिले त्या किती वेळावाल्याले बोलाव." मला वाटलं तापात बरळते आहे. "मले त्याच्याशी बोलाचं हाय," ती पुन्हा म्हणाली. मी गेलो. दोन वर्षं पाठ फिरवलेल्या पायरीवर उभा राहिलो. काका नुकताच डबा उघडून बसले होते. मी एवढंच म्हटलं, "आई." त्यांनी डबा तसाच टाकला, शटर अर्धं ओढलं आणि माझ्या पुढे चालू लागले.

ते खाटेच्या कडेवर बसले. मी तयारीत होतो, आता हे अख्ख्या गल्लीला ऐकवणार. पण इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. अगदी खाली वाकून, कानाशी, त्यांनी विचारलं, "किती वेळा झालं, आजी?"

"पहिल्या दिवशी नऊ-दहा. मंग यानं गोळी देल्ली, बंद झालं."

"पाहिलं का?"

"हाव. लाल होतं. पहिल्यापासूनच."

"अन् ताप?"

"अंग कढत होतं बाप्पा, खाप्याहून निघाली तवाच."

काकांनी विचारलं, "पोराले सांगतलं काहून नाही?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मला सांभाळून घेत असल्यासारखी ती म्हणाली, "त्याले किळस येते ना. लहानपनापासून. जेवन सोडून देते थो."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला कारलं आवडत नाही हे एखाद्याला सांगावं, तसं तिने सांगितलं. काकांनी दोन बोटांनी तिचं पोट दाबून पाहिलं, तशी ती विव्हळली. त्यांनी माझ्याकडून गोळ्यांची पट्टी मागून घेतली, उलटसुलट पाहिली आणि शर्टाच्या खिशात टाकली. मला ते शिव्या देतील असं वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "ऑटो आना. आत्ता."

दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. आतड्यात जंतूंचा संसर्ग होता, रक्त पडत असताना आणि ताप असताना ही गोळी द्यायचीच नसते, सगळी घाण आत कोंडली आणि आतडं फुगत गेलं. आणखी एक दिवस घरी ठेवलं असतं तर आई हाती लागली नसती. ते बोलत होते आणि मला टीव्हीचा आवाज ऐकू येत होता.

आई वाचेल की नाही हे तीन दिवस कुणी सांगत नव्हतं. काका रोज दुकान उघडायच्या आधी येऊन बसत. दुसऱ्या दिवशी आईला गरज लागली तेव्हा नर्स दुसरीकडे होती. आई माझ्याकडे न बघता माझ्या मागे, दाराकडे बघत होती, कुणी बाई येते का म्हणून. काकांनी खाटेखालचं भांडं काढलं आणि माझ्यापुढे केलं. "धरा." मी धरलं. मग तसाच व्हरांड्यात पळालो आणि बेसिनमध्ये भडाभडा ओकलो. तोंड धुऊन वळलो तर काका मागे उभे. "झालं? आता या." मी म्हणालो, काका, मला नाही जमत, मला खरंच किळस येते. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "अन् मले येत नाही का? तीस वर्षं झाली, रोज येते. म्हून काय लोकायले विचारू नाही?"

हा माणूस घास चावत चावत जे विचारायचा, ते त्यालाही गोड लागत नव्हतं तर. मी आत गेलो. आईने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. काकांनी कसं उचलायचं, कुठे हात द्यायचा, कसं पुसायचं ते दाखवलं, आणि पुढचे दहा दिवस मी ते करत राहिलो. रोज ओकारी यायची. रोज आई म्हणायची, "राहू दे, मंदा आली की करन." मंदा म्हणजे माझी बायको. ती तिसऱ्या दिवशीच माहेराहून आली होती, पण सकाळची पाळी मी सोडली नाही.

आई घरी आली, हिंडू-फिरू लागली. त्या दिवाळीनंतर काकांनी दुकान विकलं. डोळ्यांनी औषधांची नावं दिसेनाशी झाली होती आणि चुकीची पट्टी हातून जाईल याची त्यांना धास्ती बसली होती. ते अमरावतीला मुलीकडे निघाले. मी गांधीबागेतून शर्टाचं चांगलं कापड नेलं. त्यांनी सवयीने बोटाला थुंकी लावली, कापड चाचपलं आणि म्हणाले, "पांढरं काहून आनलं गा? दोन दिवसात मळन." थुंकीचा डाग कापडावर उमटला आणि मला शिरशिरी आली. मी त्यांच्या पाया पडलो.

गेल्या थंडीत ते वारले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकापुढे साडी उलगडत होतो. ती तशीच उघडी ठेवून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. घरी येऊन आईला सांगितलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी, मी चहा घेत होतो. आईची हाक आली, बाथरूममधून. मंदा हातातलं लाटणं ठेवून उठली. दार किलकिलं झालं आणि आतून आई म्हणाली, "तू नाही वं. दिनूले पाठव. म्हणा, हे पाहून जाय जरा."

मला किळस आली. कप खाली ठेवून मी गेलो.